आमच्या घरचा होतकरू

माझा नवरा अकरा वर्षं होतकरू होता. आमचं लग्न ठरलं तेव्हा माझ्या आईला एवढंच सांगितलं होतं, की मुलगा मोठ्या हॉकी क्लबात आहे, पगारी आहे आणि होतकरू आहे. आई खूश झाली. होतकरू म्हणजे आज ना उद्या काहीतरी होणार, असा तिचा साधा हिशोब. पुढे ठकू झाली, ठकू शाळेत जायला लागली, तिचे दुधाचे दात पडून नवे आले, आणि जावई आपला होतकरूच. शेवटी शेवटी तर कोणी चारचौघांत तो शब्द काढला की आई उठून स्वयंपाकघरात निघून जायची.

क्लबाची दोन मैदानं होती. पुढचं सीनियर संघाचं. तिथे स्टँड, दिवे, मॅचआधी टर्फ भिजवायला फवारे, सगळा थाट. मागचं मैदान पार्किंगच्या पलीकडे, तयारीतल्या पोरांसाठी. तिथलं टर्फ कडेला उसवलेलं आणि पाणी मारायचं तर नळी ओढत न्यायची. दोन्हींच्या मध्ये जाळीचं कुंपण आणि कुंपणाला एक दार. पोरं मागे तयार व्हायची आणि तयार झाली की त्या दारातून पुढे जायची. माझा नवराही प्रत्येक मॅचला त्या दारातून पुढे जायचा. जायचा, बाकावर बसायचा, आणि मॅच संपली की त्याच दारातून परत यायचा. त्याचे मॅचचे कपडे धुवायला मला कधी कष्ट पडले नाहीत. इतका स्वच्छ खेळाडू जगात दुसरा नसेल.

ही तयारी बघायला क्लबात एक अख्खं विकास खातं होतं. त्याचे प्रमुख म्हणजे एक गोडबोले गृहस्थ. प्रत्येक वाक्यात एकदा भविष्य आल्याशिवाय त्यांच्या घशाखाली चहा उतरत नसे, म्हणून सासूबाईंनी त्यांचं नाव भविष्यवाले ठेवलं. त्यांच्या हाताखाली एक आहारतज्ज्ञ बाई आणि एक मनाचे डॉक्टर. पहिल्या वर्षी भविष्यवाले म्हणाले, पाय तयार आहेत, दम तयार नाही. दुसऱ्या वर्षी दम आला, तर मन तयार नव्हतं. मग मनाच्या डॉक्टरांनी ह्याला डोळे मिटून मैदान बघायला शिकवलं. हा म्हणाला, उघड्या डोळ्यांनी रोज बघतोच की, बाकावरून. ते म्हणाले, हीच तुमची अडचण आहे. यथावकाश मनही तयार झालं, आणि मग कळलं की वेळ तयार नाही. त्यानंतर दर वर्षी वेळच तयार नसायची. वेळेला कोणता आहार द्यायचा हे काही त्या बाईंना माहीत नव्हतं, म्हणून त्या ह्यालाच आणखी उकडलेल्या भाज्या खायला सांगायच्या. आम्ही तिघी चवीढवीचं जेवायचो आणि हा समोर बसून रवंथ करायचा. सासूबाई एकदा न राहवून म्हणाल्या, अढीत घातलेलं फळसुद्धा माणूस कधीतरी दाबून बघतो, तुमचे साहेब नुसतं वरचं गवतच बदलतायत.

आता कोणाला वाटेल, ह्याला खेळताच येत नसेल. तसं असतं तर मी केव्हाच तोंड मिटून बसले असते. पण ह्याच्या हातात एक गोष्ट अशी होती, की भल्याभल्यांना जमत नाही. हॉकीत पेनल्टी कॉर्नर असतो. एकजण गोलच्या बाजूला, मागच्या रेषेवरून चेंडू जोरात आत ढकलतो. लांब उभा असलेला दुसरा तो स्टिकने जागच्या जागी अडवतो, आणि तिसरा तो गोलात मारतो. नाव होतं तिसऱ्याचं, फोटो येतो तिसऱ्याचा. पण पहिल्याचा पुश हळू आला, नाहीतर उड्या मारत आला, तर समोरचे धावत येऊन सगळ्यावर पाणी ओततात. माझ्या नवऱ्याचा पुश जमिनीला चिकटून आणि इतका जोरात जायचा, की तो गेला हे अडवणाऱ्याला चेंडू पोचल्यावर कळायचं. मागच्या मैदानावरची पोरं ह्याच्या पुशवर गोल मारायला शिकली. मग एकेक करून दारातून पुढे गेली, चार मॅच खेळली, आणि बड्या क्लबांनी त्यांना उचललं. टीव्हीवर त्यांतल्या कोणाचा गोल दिसला की हा सोफ्यावर पुढे सरकायचा आणि म्हणायचा, ह्याला मी ढकलायचो. सीनियर संघाचा सराव मात्र वेगळ्या वेळी, पुढच्या मैदानावर. त्यांना ह्याचा पुश कधी लाभला नाही. काखेत कळसा म्हणतात तो असा.

संध्याकाळी हा बिल्डिंगखालच्या पार्किंगमध्ये ठकूला घेऊन जायचा. हा भिंतीपाशी वाकून चेंडू ढकलायचा आणि ती टोकाला, जिन्यापाशी, तो अडवायची. सुरुवातीला चेंडू तिच्या स्टिकवरून उडून शेजाऱ्यांच्या गाडीवर आदळायचा आणि मला वर खिडकीतून माफी मागावी लागायची. नंतर नंतर मात्र ती असा अडवायची, की आवाजच यायचा नाही. मला वाटायचं ती दोघं आटपून वर यायला निघाली, म्हणून मी गॅस पेटवायचे. पण ती तिथेच असायची.

मी चष्म्याच्या दुकानात डोळ्यांचे नंबर काढते. दिवसभर लोकांकडून सगळ्यात खालची बारीक ओळ वाचून घेते, आणि घरातली ठळक ओळ मला इतकी वर्षं वाचता आली नाही. ती वाचून दाखवली खुद्द भविष्यवाल्यांनी. शेवटच्या सीझनमध्ये ते दुकानात आले. लांबचं त्यांना अगदी स्वच्छ दिसायचं, जवळचं दिसेनासं झालं होतं. मी त्यांच्या नाकावर तपासणीची जड फ्रेम चढवली आणि काचा बदलता बदलता सहज विचारलं, की पुढच्या वर्षी तरी आमच्या माणसाचा नंबर लागेल का.

ते मनापासून हसले. त्यांना वाटलं, मी काळजीने विचारतेय. मग त्यांनी मला धीर देण्यासाठी सगळं समजावून सांगितलं. लीगचा नियम असा, की प्रत्येक मॅचला बाकावर निदान एक होतकरू बसलेला हवा, नाहीतर संघाला खेळू देत नाहीत. होतकरू कोण, तर ज्याने सीनियर लीगच्या मॅचमध्ये मैदानात पाऊल टाकलेलं नाही तो. नियम करणाऱ्यांनी वय लिहिलंच नाही, कारण पोरं आपोआप मोठी होतात हे ते धरून चालले होते. आता खरा तरुण पोरगा बाकावर बसवला की तो खेळायचा हट्ट धरतो. खेळला की त्याचं होतकरूपण गेलं, आणि चांगला खेळला तर तो स्वतःही गेला. मग पुन्हा नवा शोधा. त्यापेक्षा एकच, शांत, समजूतदार होतकरू जपून वापरला तर सगळं विकास खातं त्याच्यावर चालतं.

"तुमच्या मिस्टरांची चाळिशीपर्यंत काळजी करू नका," ते म्हणाले. "असा होतकरू आम्हाला पुन्हा मिळणार नाही."

मी फ्रेम काढली, जरा जोरातच काढली. त्यांचा कान लाल झाला. त्यांना चष्मा मात्र बरोबर नंबरचा करून दिला, धंद्यात राग आणायचा नसतो.

त्या रात्री जेवताना मी सगळं ह्याच्यासमोर ओतलं. मला वाटलं होतं हा ताटावरून उठेल, निदान घास तरी हातात राहील. हा उकडलेलं गाजर चावत राहिला.

"माहीत आहे," तो म्हणाला.

कधीपासून, असं मी विचारलं. ठकू झाली तेव्हापासून, म्हणाला. त्या वर्षी ह्याने जोर लावून विचारलं होतं, तेव्हा कोणीतरी कानात सांगितलं होतं. मग गप्प का बसलास, असं विचारायला मी तोंड उघडलं, आणि ह्याने माझ्याकडे न बघताच सांगितलं.

"घरभाडं वेळेवर जातंय ना."

सासूबाईंनी हातातली वाटी खाली ठेवली. मी माझं ताट उचललं आणि अर्धं जेवण त्यात असतानाच नळाखाली धरलं. मला रडू येत होतं आणि रागही येत होता, आणि तो कोणावर काढावा ते कळत नव्हतं. इतकी वर्षं मी ह्याला भोळा सांब समजत होते. कोणीही टोपी घालावी असा. आणि हा माणूस सगळं उमजून, आमच्या तिघींसाठी, पाय जवळ घेऊन बाकावर बसला होता. त्यानंतर त्या विषयावर आम्ही बोललो नाही. बोलून करणार काय होतो? भाडं तर खरंच वेळेवर जात होतं.

सीझनच्या शेवटच्या मॅचला गोष्ट निकरावर आली. हरलो तर क्लब खालच्या लीगमध्ये जाणार, बरोबरी झाली तर तरणार. आणि नेमका त्या आठवड्यात संघात ताप शिरला. निम्मे खेळाडू अंथरुणात. कसेबसे अकरा जमले, बाकावर उरले दोघे: एक राखीव गोलकीपर आणि एक आमचा होतकरू. आम्ही तिघी स्टँडमध्ये अगदी खाली, बाकाच्या मागच्या कठड्याला टेकून बसलो होतो. सीनियर संघाच्या मोठ्या कोचचं आणि भविष्यवाल्यांचं बोलणं आम्हाला सगळं ऐकू येत होतं.

मध्यंतराआधीच समोरच्यांनी एक गोल केला. मग आमच्या एका फॉरवर्डचा पाय मुरगळला. बाकावर माझा नवरा उठून उभा राहिला. मोठ्या कोचनी त्याच्याकडे पाहिलं, भविष्यवाल्यांकडे पाहिलं, आणि गोलकीपरला पॅड काढायला सांगितलं. तो बिचारा हबकलाच. जन्मात त्याने डोक्यावर हेल्मेट नसताना चेंडू पाहिला नव्हता. त्याला दुसऱ्याची जर्सी घालून फॉरवर्ड म्हणून आत पाठवलं. तो चेंडू आला की सवयीने लाथ मारायचा आणि शिट्टी वाजायची. स्टँडमधले लोक हसायला लागले. माझा नवरा खाली बसला.

शेवटची काही मिनिटं उरली असताना आणखी एकजण पडला, त्याला धरून बाहेर आणावं लागलं. आता बाकावर एकच माणूस. मी सासूबाईंचा हात धरला. मोठे कोच ओठ चावत उभे होते. त्यांना ह्याला पाठवायचं होतं, हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं. पण भविष्यवाले त्यांच्या कानाशी लागले. आज ह्याला वापरला तर पुढच्या सीझनला पहिल्याच मॅचला बाकावर कोणाला बसवणार, असं ते विचारत होते. आणि मोठ्या कोचनी, हो नाही करत, मान डोलावली. दहाजण खेळतील, असं त्यांनी ठरवलं. आमच्यामागे बसलेला एक म्हातारा शेजाऱ्याला कौतुकाने सांगत होता, की बघ, तो केवढा मोठा खेळाडू असेल, क्लब त्याला किती जपतोय.

हॉकीत एक गोष्ट बरी असते. खेळाडू बदलायला खेळ थांबवावा लागत नाही आणि पंचांना विचारावं लागत नाही. आपले दहाच असतील तर अकराव्याने मधल्या रेषेपाशी जायचं आणि सरळ आत जायचं. बाक त्या रेषेपासून चार पावलांवर होता.

नवरा उठला. स्टिक घेऊन रेषेपर्यंत गेला आणि थांबला. भविष्यवाले त्याला अहो, अहो करत होते. तो त्यांच्याकडे बघत नव्हता. त्याने मागे वळून वर, स्टँडमध्ये, माझ्याकडे पाहिलं. त्याला काय विचारायचंय ते मला पुरेपूर कळलं. घरभाडं होतं त्यात, ठकूची शाळा होती, सासूबाईंची औषधं होती.  पण इतकी वर्षं धुतलेले ते कोरेकरकरीत कपडे माझ्या डोळ्यांपुढे आले.

"जा," मी म्हटलं.

आणि तो गेला.

पुढचं सगळं मी कठड्याला घट्ट धरून पाहिलं. तो पहिल्यांदा घसरून पडलाच, कारण भिजलेल्या टर्फवर पळायची त्याला सवय नव्हती. उठला. एका धिप्पाड बॅकच्या पायातून त्याने चेंडू काढून घेतला, आणि शेवटच्या मिनिटाला आम्हाला पेनल्टी कॉर्नर मिळाला. आमचा नेहमीचा ढकलणारा तापाने घरी झोपला होता. ह्याने कोणाला विचारलं नाही. मागच्या रेषेवर गेला आणि वाकला, जसा पार्किंगमध्ये भिंतीपाशी वाकतो तसाच. ठकू माझ्या शेजारी बाकड्यावर उभी राहिली.

पुश सुटला. इतका सरळ आणि इतका जोरात, की समोरचे धावायला निघालेलेसुद्धा जागच्या जागी राहिले. आणि जो अडवायला उभा होता, तो आमचा नावाजलेला सीनियर, त्याला मऊ मऊ, सावकाश पुशांची सवय. त्याची स्टिक जमिनीला टेकली तेव्हा चेंडू तिथून गेला होता. तो पार मैदानाच्या मधोमध जाऊन थांबला. शिट्टी वाजली, मॅच संपली, आम्ही हरलो. स्टँड चिडीचूप झालं. त्या शांततेत ठकूचा आवाज सगळ्यांना ऐकू गेला.

"मी अडवला असता."

तो सीनियर नंतर माझ्या नवऱ्यापाशी आला आणि खांदे पाडून म्हणाला, की इतका चांगला येईल असं वाटलं नव्हतं. भविष्यवाले मात्र सगळ्यांना एकच सांगत फिरत होते, की घाई झाली. आम्ही म्हणत होतो ना, अजून तयार नाही. आणखी एक वर्ष थांबायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी क्लबाने ह्याला बोलावून चहा पाजला आणि मोकळं केलं. होतकरू म्हणून ठेवता येत नाही, कारण आता खेळलाय. सीनियर म्हणून ठेवता येत नाही, कारण वय जास्त आणि अनुभव कमी. अकरा वर्षांचा होतकरू एका रात्रीत माजी खेळाडू झाला, मधल्या पायऱ्या काही त्याच्या वाट्याला आल्या नाहीत. तेलही गेलं, तूपही गेलं, असं शेजारी म्हणाले. सासूबाईंनी त्यांना सांगितलं, की आमच्याकडे तेल-तूप चालतच नव्हतं, सगळं उकडलेलं होतं. आणखी गंमत म्हणजे, खालच्या लीगमध्ये होतकरूचा नियमच नाही. ज्याला जपण्यासाठी क्लब दहाजणांनिशी खेळला, त्याची तिथे गरजच नव्हती.

मॅचची जर्सी आणि शॉर्ट्स मी त्याच रात्री धुवायला घेतले होते. गुडघ्यापाशी आणि कोपरावर टर्फचे डाग होते, एका बाजूला थोडं खरचटल्याचं रक्त होतं. मी मोरीत बसून ते घासले आणि घासता घासता पोटभर रडले. रडून झाल्यावर पाहिलं, डाग पूर्ण निघाले नव्हते. मीही फार घासले नाहीत.

आता तो नगरपालिकेच्या मैदानावर मुलामुलींना हॉकी शिकवतो. चार महिने आमची फार ओढाताण झाली, भाडं दोनदा उशिरा गेलं, घरमालकांनी जिन्यात बोल लावले. ते मी खाली मान घालून ऐकले, कारण पैसे त्यांचेच होते. मैदानावर ह्याचा एकच नियम आहे. नवीन आलेल्या पोराने पहिल्याच दिवशी मॅच खेळायची, स्टिक उलटी धरली तरी चालेल. शिकायचं नंतर. तिथली पोरं भयंकर वाईट खेळतात आणि त्यांचे कपडे बघवत नाहीत. आया येऊन माझ्याकडे तक्रार करतात.

भविष्यवाल्यांना दुसऱ्या क्लबाने लगेच उचललं. अशा माणसांचं भविष्य कधी धोक्यात येत नाही. परवा ते ह्या मैदानावर आले. डोळ्यांवर मी दिलेला चष्मा होता. मध्यंतर चालू होतं. ठकू एका पोराचे पुश अडवत होती आणि आवाज येत नव्हता. ते बराच वेळ कंबरेवर हात ठेवून बघत राहिले. त्यांच्या नव्या क्लबात मुलींचा संघ निघतोय, हे मला ठाऊक होतं. मग ते माझ्या नवऱ्याजवळ गेले, त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि जुन्या मायेने म्हणाले, की ह्या पोरीच्या हातात काहीतरी आहे, दोन-तीन वर्षं आमच्याकडे द्या, आम्ही घडवतो, होतकरू आहे.

माझा नवरा कधी कोणाला उलटून बोललेला मी पाहिला नाही. त्या दिवशीही तो चढ्या आवाजात बोलला नाही. त्याने त्यांचा हात खांद्यावरून हळूच खाली घेतला.

"नाही साहेब," तो म्हणाला. "ती खेळते."

मग मध्यंतर संपलं म्हणून त्याने शिट्टी वाजवली आणि ठकू आत पळाली.